आवडीची पट्टी

मंगळवारी भर दुपारी शर्वाणी दारात उभी राहिली, तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारावा? "कॉलेजला सुट्टी आहे का गं?" पोरगी निम्मी झालेली, डोळ्यांखाली काळं, केसांना आठवडाभर तेल नाही, आणि आई विचारतेय सुट्टी आहे का. असली मी.

"सुट्टी नाही. शुक्रवारी पाचपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली, आणि बॅग दारातच टाकून सोफ्यावर आडवी झाली.

"कशाला वेळ?"

तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढून दिला. वर ठळक अक्षरांत 'कलमेळ उपचार : संमतिपत्र' आणि खाली सहीची मोकळी जागा. तिला अठरा पूर्ण झालेली, त्यामुळे आईबापाची सही लागत नव्हती. तरी ती कागद घेऊन सात तास एसटीनं घरी आली होती. 

आता कलमेळ म्हणजे काय ते सांगायचं तर आधी कलयंत्र सांगायला हवं, आणि ते माझ्यापेक्षा नीट सांगणारं आख्ख्या कराडात दुसरं कुणी नाही. गेली पाच वर्षं मी इथल्या कलकेंद्रावर यंत्रचालक आहे. अकरा हजार दोनशे चौदा पोरांच्या डोक्यावर ते हेल्मेट माझ्या हातानं चढलंय.

आमच्या वेळी बारावीनंतर काय घ्यायचं हे कसं ठरायचं? टक्के बघून, नाहीतर शेजारच्यांचा मुलगा बघून. मी कॉमर्सला गेले, कारण माझी मैत्रीण अश्विनी कॉमर्सला गेली. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न ठरलं, ती सोडून गेली, आणि मी बसले तिथंच जांभया देत. तेव्हा हे यंत्र आलं ना, मी त्याच्यावर जीव टाकला. म्हटलं, आता कुणाचं पोर असं चुकीच्या वर्गात सडणार नाही.

त्यातलं विज्ञान तसं अवघड नाही. माणसाला कुतूहल वाटतं, तेव्हा मेंदूत खोलवर दोन जागांमध्ये जा-ये सुरू होते. नवं काही दिसलं की एक जागा हाक मारते आणि दुसरी ते आठवणीत ठेवते. या जा-येचं चुंबकीय क्षेत्र कवटीच्या बाहेरही येतं, पण किती, तर पृथ्वीच्या क्षेत्राच्या अब्जाव्या हिश्शाइतकं. ते टिपायला पूर्वी खोलीभर यंत्र आणि अतिथंड द्रव लागायचा. आता संवेदक नखाएवढे झालेत. पोराला चाळीस विषयांचे छोटे छोटे धडे दाखवायचे. प्रत्येक धड्याला कुतूहल किती उसळतं आणि किती सावकाश ओसरतं, ते मोजायचं. सावकाश ओसरलं तर तो विषय वर्षानुवर्षं टिकणार. विषयाला शंभरपैकी जो आकडा मिळतो तो कलांक, आणि सगळी कॉलेजं आता त्यावरच प्रवेश देतात.

एकच मेख आहे. कुणाचा मेंदू मुळातच मोठ्यानं बोलतो, कुणाचा हळू. म्हणून आधी ज्याची त्याची पट्टी घ्यायची. पोरानं तीन मिनिटं आपल्याला सगळ्यात आवडणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं. तेव्हा जी उसळी येईल ते त्याचे शंभर, आणि बाकी सगळं त्या पट्टीनं मोजायचं. पट्टी जन्मात एकदाच घेतात. ती बदलली तर मापाला अर्थच उरणार नाही, असं राज्य कलमापन मंडळाचं म्हणणं, आणि मलाही ते पटायचं.

शर्वाणीला मृदाशास्त्रात शहाण्णव पडले. एवढंच नाही, चाळीसपैकी बावीस विषयांत नव्वदच्या वर! मी आख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते.

"मग झालं काय?" मी तिच्याशेजारी बसले. "शिकवत नाहीत का नीट?"

"चांगलं शिकवतात. सर चांगले आहेत, मुली चांगल्या आहेत. मीच..." ती छताकडे बघत बोलत होती. "आई, मातीचे थर, मातीचा कस, मातीतला ओलावा. सकाळी उठले की वाटतं, आज पण हेच? मग वाटतं, असं कसं? शहाण्णव आहेत. म्हणजे मला हे आवडतंय. यंत्राला माझी आवड दिसते आणि मला दिसत नाही. म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय."

"काहीतरीच बोलू नकोस."

"काहीतरीच नाही. कॉलेजच्या डॉक्टरांनीच सांगितलंय. कल आहे पण मेळ नाही."

कलमेळ हा मंडळाचा वर्षभरापूर्वीचा शोध. आकडा चांगला आहे पण मन रमत नाही, अशा पोरांच्या कपाळाशी चुंबकाचं वेटोळं धरून बारा बैठकांत ती जा-ये त्या विषयाकडे वळवायची. दुखत नाही, खुपत नाही. कागदावर सगळं छान दिसतं. मी स्वतः किती पालकांना त्याची माहितीपत्रकं वाटली होती.

"हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या मैथिलीनं घेतला," शर्वाणी म्हणाली. "तिला आता खरंच आवडतं. पहाटे उठून मातीचे नमुने चाळत बसते. आधी सारखी काहीतरी गुणगुणायची, नको नको व्हायचं आम्हाला. आता नाही गुणगुणत. मी विचारलं तर म्हणाली, सुचत नाही गं." तिनं माझा हात घट्ट धरला. "मला भीती वाटते आई. पण हे असलं जगण्याची जास्त भीती वाटते. शुक्रवारपर्यंत शाखा बदलून मिळाली तर ठीक. नाहीतर मी सही करणार."

मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

शाखा बदलायची तर दुसऱ्या विषयाचा आकडा पहिल्यापेक्षा निदान वीसनं जास्त हवा. बुधवारी सकाळी तिला केंद्रावर नेलं आणि फेरचाचणी घेतली. पट्टी अर्थातच जुनीच. मृदाशास्त्र पंच्याण्णव. बाकीचे बावीस-तेवीस विषय तिथेच नव्वदीत लोंबकळत. पंच्याण्णवच्या वर वीस कुठून आणायचे? शंभराच्या पुढे आकडाच नाही!

माझा नवरा धनंजय लिफ्ट दुरुस्त करतो. यंत्रावर त्याचा माझ्याहून जास्त विश्वास. जेवताना म्हणाला, "दोन्ही वेळा तेच आलं ना? मग घे बाळा उपचार. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

शर्वाणीनं मान डोलावली आणि ताटातला भात इकडचा तिकडे केला.

"तू गप रे!" मी खेकसले. तो पुन्हा जेवायला लागला. 

गुरुवारी मी रोजच्यासारखी केंद्रावर गेले, पण चाचण्या बंद ठेवल्या. दारावर 'देखभाल सुरू आहे' अशी पाटी लावली. पाच वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. शर्वाणीच्या पट्टीचा आवाज काढून ऐकला. पट्टी घेताना बोललेलं सगळं यंत्र साठवून ठेवतं, पण ते ऐकायचं काही कारणच पडत नाही. आम्ही आलेख बघतो.

आधी माझाच आवाज आला. "अगं, अशी घाबरतेस काय? पाचवीत निबंध लिहिला होतास ना, माझा आवडता छंद? तसंच सांग. छान सांग हं, बाबा ऐकतायत."

मग तिचा.

"मला वाचनाची खूप आवड आहे. वाचनामुळे आपल्या ज्ञानात भर पडते. पुस्तके आपले खरे मित्र असतात. मी दररोज झोपण्यापूर्वी एक तास वाचन करते..."

पडते. असतात. करते. माझी पोरगी घरात कधी असं बोलते? घरात ती म्हणते, 'पडतं', 'ए आई ऐक ना', 'डोकं नको खाऊ'. हे बोलणं तिचं नव्हतंच. ते वहीतलं होतं. आणि दररोज एक तास वाचन! अभ्यासाबाहेरचं पुस्तक तिच्या हातात शेवटचं कधी पाहिलं, मला आठवेना.

मी आलेख उघडला. वाचन वाचन करताना कुतूहल कुठलं उसळतंय, नुसती एक सुरकुती पडलेली. यंत्रानं ती सुरकुती शंभर धरली. वीतभर काठीला मीटर समजून कापड मोजलं, तर हातरुमालही धोतराएवढा भरणार! म्हणून बावीस विषय नव्वदच्या वर. आणि त्यात मृदाशास्त्र शहाण्णव का? तर त्या धड्यात एक गांडूळ वळवळतं, ते बघून ती जराशी दचकली असेल. माझ्या पोरीचं आयुष्य गांडुळानं ठरवलं होतं, आणि मी पेढे वाटले.

मग मी वेड्यासारखी एकेक आवाज काढत सुटले. बेचाळीस ऐकले. एकतीस जणांना वाचनाची आवड. पाच जणांना वाचन व बागकाम. दोघांना क्रिकेट, पण तेही कसं, तर 'क्रिकेट खेळल्याने शरीर सुदृढ राहते'. चारच पोरं खरं बोललेली. त्यातला एक म्हशीच्या रेडकाबद्दल सांगत होता, ते कसं ढुशी मारतं, कुणाच्या हातचं खात नाही, आणि तीन मिनिटं संपली तरी थांबायला तयार नव्हता. त्याचा आलेख बघून मला रडू आलं. पट्टी अशी दिसते. मी विसरूनच गेले होते.

आणि बाकीच्यांच्या आधी प्रत्येक वेळी माझा आवाज. प्रेमळ, समजावणीचा. 'निबंध लिहिला होतास ना? तसंच सांग.'

मूळ सूचना होती, 'आपणास सर्वाधिक प्रिय असलेल्या कृतीचे वर्णन करा.' ते ऐकून पोरं तोंड वासून बघत बसायची. शेजारी बाप बसलेला, समोर मी, डोक्यावर ते हेल्मेट. मला दया यायची. म्हणून मीच सोपं करून दिलं. नऊ मिनिटांचं काम चारवर आलं. मंडळाला इतकं आवडलं की माझं वाक्य त्यांनी सूचना पुस्तिकेत छापलं.

मी पुण्याला तांबवेकर साहेबांना फोन लावला. मंडळाचं सगळं तेच बघतात. त्यांनी माझं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं. 

"मॅडम, तुमची मुलगी आहे ना यात?" मग म्हणाले.

"आहे. म्हणूनच कळलं."

"मग असं करा. चालकाच्या दोषाचा एक फॉर्म असतो. सदोष पट्ट्यांची संख्या, तिथे एक लिहा. एखादी चूक कुणाच्याही हातून होते. उद्या नवी पट्टी घ्या, नवा आकडा काढा, पाचच्या आत मी शाखाबदल मंजूर करतो. शब्द देतो."

"आणि बाकीची पोरं?"

"बाकीची शिकतायत ना? कुणी तक्रार केलीये? तुम्ही अकरा हजार लिहाल, मग चौकशी बसेल. ती संपेपर्यंत तुमच्या केंद्राचे सगळे कलांक रद्द. त्यांना ना परीक्षा, ना शाखाबदल. तुमच्या मुलीलासुद्धा नाही. वर्ष गेलं म्हणून समजा, कदाचित दोन."

"आणि कलमेळ?"

"तो थांबेलच. आकडाच नाही तर मेळ कशाशी घालणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमच्या केंद्राच्या तीनशे सहा मुलांना तो देऊन झालाय. ते आता परत फिरवता येत नाही. कशाला उकरताय?"

मी फोन ठेवला. तीनशे सहा. हा आकडा मला माहीत नव्हता. बाहेर रस्त्यावर वडापाववाला ओरडत होता, कॉलेजची पोरं स्कूटरवर तीन-तीन बसून चालली होती, आणि त्यातली किती माझ्या हाताखालून गेली असतील, असं मनात येऊन मी पडदा ओढून घेतला.

शुक्रवारी दुपारी तीनला मी शर्वाणीला घेऊन केंद्रावर गेले. धनंजयला मुद्दाम आणलं नाही. तिला सगळं सांगितलं, निबंध, पट्टी, गांडूळ, साहेबांचा फोन, सगळं. ती खुर्चीत एकदम पुढे सरकली. आठवड्यात पहिल्यांदा तिच्या तोंडावर रंग आला.

"म्हणजे मी बिघडलेली नाही?"

"नाही गं माझी राणी. पट्टी बिघडलीय. आणि ती मी बिघडवली."

ते ती ऐकतच नव्हती. "मग घे ना नवी! घे लवकर!"

हेल्मेट चढवलं. मी तोंडाला कुलूप घातलं, म्हटलं, आता एक अक्षर सुचवायचं नाही. तिनं डोळे मिटले. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. तिच्या बोटांची चाळवाचाळव सुरू झाली.

"काय सांगू?"

"तुला आवडतं ते. काहीही. मला आवडणार नाही असं सुद्धा चालेल."

 मग ती ताठ बसली, घसा साफ केला आणि बोलायला लागली. "मला चित्रकलेची आवड आहे. चित्र काढल्याने मनाला आनंद मिळतो. निसर्गाचे रंग..."

पडद्यावर तीच सुरकुती.

"अगं, खरं सांग ना!" मी ओरडलेच.

"हेच खरं आहे!" तीही ओरडली. "दुसरं काही येतच नाही मला! तूच सांग काय म्हणू, मी तसं म्हणते. तूच सांग ना आई, नेहमी सांगतेस तसं!"

 मी तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. तिला काय आवडतं हे तिला माहीत नव्हतं आणि अठरा वर्षं एका घरात राहून मलाही माहीत नव्हतं. आंघोळीला उशीर, मोबाइल, अभ्यास, टक्के, एवढंच मी तिच्याबद्दल सांगू शकले असते.

"चार वाजून वीस मिनिटं झाली," तिनं हात जोडले. "हीच पट्टी लाव. कसली का असेना. एक लिही आणि मला त्या मातीतून बाहेर काढ. बाकीच्यांचं तुला काय करायचंय? त्यांना आवडतंय तर आवडू दे ना! आई, पाया पडते तुझ्या."

मी लिहिणार होते. खोटं कशाला सांगू? फॉर्म उघडला, तिची नोंद भरली, संख्येच्या चौकटीत एक लिहिलासुद्धा. मग नवी पट्टी लावून विषय काढले. यंत्रानं क्षणात यादी दिली. पहिला विषय, बंदर व्यवस्थापन, सत्त्याण्णव. जिनं समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलाय, तिला बंदर व्यवस्थापन! साहेबांनी शब्द दिलाय, शाखा मिळेल. पोरगी सामान बांधून जाईल. आणि वर्षभरानं पुन्हा असाच कागद घेऊन दारात उभी राहील. तेव्हा मी कुठला फॉर्म काढू? आणि ज्या आया कलकेंद्रावर नाहीत, त्यांच्या दारात आज उभं असलेलं पोर कुठे जाईल? ते सही करेल. या पाच मिनिटांतसुद्धा कुणीतरी करत असेल.

मी एक खोडला आणि लिहिलं, ११२१४.

त्या चार पोरांच्या पट्ट्या खऱ्या होत्या, पण अकरा हजारांत असल्या खऱ्या किती, ते मला कुठे निवडून काढता येणार होतं? सगळ्यांत त्याही गेल्या. बटण दाबलं तेव्हा शर्वाणी माझ्या खांद्याला धरून गदागदा हलवत होती. मग तिनं हात काढून घेतला. घरी येताना ती माझ्यापुढे वीस पावलं चालत होती.

सोमवारी कलांक रद्द झाल्याची पत्रं गेली. फोन आधी केंद्रावर आले, मग माझ्या मोबाइलवर. शिव्या तर किती खाल्ल्या. एका बाईंनी शिव्या दिल्या नाहीत. नुसतं विचारलं, "माझ्या मुलानं तो उपचार घेतलाय. तो खूश आहे हो. त्याला हे सांगू की नको?" मी काय सांगणार, कप्पाळ? तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा फोन आला. "मॅडम, मला माझा विषय आवडत होता," तो म्हणाला. "परवापर्यंत आवडत होता. आता रोज सकाळी स्वतःला विचारतो, खरंच आवडतो ना? आणि आवडेनासा झालाय." मी सॉरी म्हटलं. सॉरीनं काय होतं?

माझी नोकरी गेली, ते जाऊ दे. धनंजय माझ्याशी कामापुरतं बोलत होता. शर्वाणी तेवढंही नाही. ना कॉलेज, ना विषय, ना आकडा. दिवसभर खोलीत. ताट दाराशी ठेवायचं आणि तासानं अर्धं भरलेलं उचलायचं.

नवव्या दिवशी सकाळी मी ताट ठेवायला वाकले आणि दार उघडलं.

"तू माझं वाटोळं केलंस," ती म्हणाली.

"हो."

"हो काय? नुसतं हो काय म्हणतेस? तुला माझं एकटीचं बघता आलं नाही? मी तुझ्या पाया पडत होते! सगळ्या जगाची आई व्हायला निघालीस, आणि माझी?" ती उंबऱ्याबाहेर आली. "मला राग येतो तुझा. त्या यंत्राचा येतो, तुझ्या त्या गोड बोलण्याचा येतो. बाबा ऐकतायत, छान सांग! आणि तो निबंध! तो तरी माझा होता का? पाचवीत तूच सगळा सांगितलास, वाचनावर लिही, मार्क मिळतात म्हणालीस. मला वाचनावर लिहायचंच नव्हतं! मला दुसऱ्याच कशावर तरी लिहायचं होतं. मी वहीत सुरुवात पण केली होती. तू ते पान फाडलंस."

मला ते पान आठवत नव्हतं. पण मी फाडलं असणार. मी फाडलं असणारच.

"कशावर लिहायचं होतं गं तुला?" मी विचारलं. आठ वर्षांनी विचारत होते.

तिनं बोलायला तोंड उघडलं. क्षणभर वाटलं, आता सांगेल. तिच्या ओठांवर काहीतरी आलंही होतं, मला दिसलं. ती भिंतीकडे बघत राहिली, मग जमिनीकडे, मग माझ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांतला राग हळूहळू जाऊन तिथे नुसती भीती उरली.

"आठवत नाही," ती म्हणाली. "आई, मला आठवतच नाहीये."